गंजणारी चासी आणि वस्तूचे एकत्व

चासी म्हणजे मोटारीचा सांगाडा. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्प्रिंगा, स्टिअरिंग आणि वरची बॉडी ज्या पोलादी चौकटीवर बसते ती ही चौकट. जपून ठेवण्याजोग्या जुन्या मोटारीत बाकीचे भाग एकेक करून बदलता येतात, आणि बहुतेक गाड्यांत ते कधी ना कधी बदललेले असतातच. चासी बदलायची तर सगळी गाडी खोलावी लागते. पुष्कळ गाड्यांत क्रमांकही तिच्यावरच ठोकलेला असतो. त्यामुळे चासी गंजू लागली की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. गंज थांबवायचा कसा, हा कारागिराचा प्रश्न. दुसरा तत्त्वज्ञानाचा: जिचे द्रव्य सतत बदलते आहे ती वस्तू तीच आहे असे कशाच्या बळावर म्हणायचे, आणि ती टिकवायची म्हणजे नेमके काय टिकवायचे? कारागीर पहिल्या प्रश्नाचे जे उत्तर निवडतो त्यात दुसऱ्याचे उत्तर दडलेले असते. म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करणे योग्य.

या विचारासाठी ब्रिटनमधल्या जुन्या लँड रोव्हरइतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल. ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. चासी मात्र पोलादी पत्रे जोडून पेटीसारख्या पोकळ दांड्यांची बनवली. १९८५ पर्यंत निघालेल्या या मालिकेच्या सगळ्या गाड्यांत हीच जोडी राहिली: वर न गंजणारी कातडी, खाली गंजणारी हाडे. चाळीस-पन्नास वर्षांनी वरून धडधाकट दिसणाऱ्या लँड रोव्हरखाली वाकून पाहिले तर मागचा आडवा दांडा आणि बाजूंना बाहेर आलेले आधार हातोडीच्या टोकाने भोसकतील इतके सडलेले आढळतात. उत्पादन सुरू होण्याआधी तयार केलेल्या ४८ गाड्यांच्या चासीवर जस्ताचा मुलामा होता. पुढे कारखान्यातून निघालेल्या गाड्यांना तो मिळाला नाही. आज ब्रिटनमधले शेकडो मालक सडलेली चासी काढून जस्ताचा मुलामा दिलेली नवी बसवतात. असे केल्यावर गाडी तीच राहते का, हा वाद त्यांच्यात कधी संपत नाही.

या वादात उतरण्याआधी गंज म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे, कारण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत नाश हा शब्द फार मोघम येतो. लोखंड शुद्ध धातूच्या रूपात निसर्गात फारसे सापडत नाही. खनिजात ते ऑक्सिजनशी जोडलेले असते. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन, कार्बनच्या साहाय्याने तो ऑक्सिजन काढून घेतला की धातू हाती येतो. गंजणे हा त्याच वाटेवरचा परतीचा प्रवास आहे. कोकणातला जांभा लोहाच्या ज्या ऑक्साइडांमुळे तांबडा दिसतो, त्याच कुळातली संयुगे चासीच्या कोपऱ्यात साचतात. म्हणजे गंज ही पोलादावर बाहेरून आलेली आपत्ती नाही. धातू ही लोखंडाची अस्थिर, खर्च करून मिळवलेली अवस्था आहे आणि गंज ही त्याची स्थिर अवस्था. जे घडवलेले आहे ते विघटित होणारच, हा बौद्ध विचार इथे रसायनशास्त्राच्या भाषेत जसाच्या तसा भेटतो.

ही प्रक्रिया विजेची आहे. पोलादावर पाण्याचा थेंब पडला की थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर असतो आणि मध्यभागी कमी. मध्यभागी लोखंड विरघळून इलेक्ट्रॉन सोडते, ते धातूतून कडेकडे वाहतात आणि तिथे त्यांचा ऑक्सिजन व पाण्याशी संयोग होतो. मधल्या पट्टीत गंज साचतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते: जिथे हवा कमी पोहोचते तिथे धातू आधी खाल्ला जातो. दोन पत्र्यांमधली फट, चिखलाने भरलेला कोनाडा, सुटलेल्या रंगामागची पोकळी, पेटीसारख्या दांड्याचा आतला तळ या सगळ्या जागा अशाच. उघड्यावरचा पातळ तांबूस गंज डोळ्यांत भरतो, पण तो सहसा निरुपद्रवी असतो. चासी मरते ती आतून. त्यात मीठ आले की पाणी विजेचे अधिक चांगले वाहक बनते आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडते. ब्रिटन, उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ पसरतात, म्हणून तिथल्या गाड्या लवकर सडतात. मुंबई-कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हेच काम खारी हवा करते, आणि पावसाळ्याचे चार महिने दमट हवा तिला साथ देते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. गंजाचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे दोन पत्र्यांमध्ये तयार झालेला गंज त्यांना आतूनच फाकवतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते.

संरक्षणाच्या रीती मोजक्याच आहेत, पण त्यांमागच्या भूमिका एकमेकींहून फार भिन्न आहेत. सर्वांत जुनी रीत आडपडद्याची: रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर रंग, खालून डांबरी लेप. पडदा अखंड असेपर्यंत ही रीत चालते. डांबरी लेप काही वर्षांनी कडक होतो, त्याला तडे जातात, तड्यातून पाणी आत जाते आणि लेपाच्या मागे अडकून बसते. वरून काळी चकचकीत दिसणारी चासी आत भुसभुशीत झालेली असते. दोष दिसू नये म्हणून झाकणे आणि दोष होऊ नये म्हणून झाकणे यांतला फरक इथे अक्षरशः जीवघेणा ठरू शकतो, कारण स्प्रिंगचा आधार धावत्या गाडीतही तुटू शकतो.

दुसरी रीत गंजाचेच रूपांतर करण्याची. फॉस्फोरिक आम्लाने गंजाचे लोह-फॉस्फेट होते आणि टॅनिक आम्लाने काळसर लोह-टॅनेट. दोन्ही गंजापेक्षा घट्ट बसणारे थर आहेत. दिल्लीच्या मेहरौली भागातला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्यामागेही फॉस्फरसच आहे. त्या लोखंडात आजच्या पोलादापेक्षा फॉस्फरसचे प्रमाण बरेच जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले. तो थरही गंजाचाच एक प्रकार आहे. क्षय एका मर्यादेत थांबला तर तोच वस्तूचे रक्षण करतो, हे या स्तंभाकडे पाहून पटते.

तिसरी रीत जस्ताची. विजेच्या त्या देवघेवीत जस्त लोखंडापेक्षा अधिक तत्परतेने इलेक्ट्रॉन देते, म्हणून मुलाम्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि पोलाद वाचते. सडलेला भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करून, रसायनाने साफ केलेली चासी सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या वितळत्या जस्तात बुडवतात. पोकळ दांड्यांना हवा आणि द्रव बाहेर यायला छिद्रे ठेवावीच लागतात. आत ओलावा कोंडला असेल तर त्याची वाफ होऊन दांडा फुटतो. या जाडीच्या पत्र्यावर साधारण ५५ ते ७० मायक्रॉनचा थर बसतो आणि आतल्या भिंतींवरही बसतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने याहून चांगला उपाय क्वचितच असेल. त्याबरोबर चासीच्या पृष्ठभागावरचा मूळ रंग, कारखान्यातल्या खुणा, वेल्डरच्या हाताचे माग हे सगळे कायमचे जाते. पुढच्या पिढीला चासीचा आकार मिळतो, तिचा पुरावा मिळत नाही.

चौथी रीत सर्वांत साधी, आणि या लेखाच्या मते सर्वांत अर्थपूर्ण: धुणे, वाळवणे, तपासणे आणि मेण. चिखल काढून कोनाडे मोकळे करायचे, पाणी निचरण्याची छिद्रे तारेने साफ करायची, गाडी हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यायची, मग लांब नळीने पोकळ दांड्यांच्या आत पातळ मेण किंवा लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले स्निग्ध द्रव्य, फवारायचे. ते फटीत झिरपते, कडक होत नाही, आणि ओरखडा पडला तर आजूबाजूने सरकून काही प्रमाणात तो भरून काढते. त्याचा दोष एकच: ते कायमचे नसते. दर वर्षी पाहावे लागते आणि गरजेप्रमाणे पुन्हा लावावे लागते. या रीतीने मूळचे काहीच जात नाही. बदल्यात माणसाचे लक्ष मात्र सतत द्यावे लागते.

आता दुसरा प्रश्न. ग्रीक राजा मिनांडर, म्हणजे पाली परंपरेतला मिलिंद, आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद प्रसिद्ध आहे. राजा रथातून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे काय: दांडा, आस, चाके, जू, लगाम, की रथपंजर? रथपंजर म्हणजे रथाची चौकट, आजच्या भाषेत चासीच. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. या सगळ्यांचा समूह म्हणजे रथ का, यालाही नाही. त्यांच्याहून वेगळे काही म्हणजे रथ का, यालाही नाही. मग रथ हे भागांच्या आधाराने केलेले एक व्यावहारिक नाव आहे, असे उत्तर निघते. या विचारानुसार मूळ चासी गेली म्हणजे मूळ गाडी गेली असे म्हणणारा आणि नवी चासी बसवूनही गाडी तीच आहे असे म्हणणारा, दोघेही नसलेल्या गाभ्याबद्दल भांडत आहेत. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या अवस्थांचा एक अखंड प्रवाह आहे, ज्याला बौद्ध दार्शनिक संतान म्हणतात, आणि सोयीसाठी त्याला एक नाव दिलेले आहे.

न्याय-वैशेषिक परंपरेला हे मान्य नव्हते. तिच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी खरोखर असतो. घडा म्हणजे दोन खापरांची बेरीज नव्हे. त्यांच्यात समवायाने, म्हणजे अविभाज्य संबंधाने, राहणारे ते एक नवे द्रव्य आहे. या मताची ताकद व्यवहारात दिसते: चासीचा एक कोपरा उचलला तर सगळी गाडी उचलली जाते, सुट्या भागांचा ढीग उचलला जात नाही. पण याच मताला एक कठोर निष्कर्ष चिकटलेला आहे. अवयवी अवयवांवर अवलंबून असल्यामुळे एक अवयव जरी गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्यांपासून नवा उत्पन्न होतो. एक नट बदलला की काटेकोर बोलायचे तर नवी गाडी. मग तीच ती हा अनुभव कुठून येतो? सारखेपणातून, असे या मताच्या अभ्यासकाला म्हणावे लागते. म्हणजे अवयवीला खरा मानूनही गाडीचे टिकून राहणे शेवटी सादृश्यावरच सोपवावे लागते. तर्काच्या दृष्टीने हे मत निर्दोष असेल. जपणाऱ्याला मात्र ते फारसे काही देत नाही.

जैन विचाराने मधली वाट काढली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्‌चे लक्षण उत्पत्ती, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी मिळून केले आहे. समंतभद्रांनी याला सोन्याच्या घड्याचे उदाहरण दिले. घडा मोडून मुकुट केला तर ज्याला घडा हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदी होतो, आणि ज्याला सोने हवे होते तो मध्यस्थ राहतो. तिघांच्या भावना खऱ्या आहेत आणि तिघांनाही वस्तूत आधार आहे. जस्तात बुडवून आलेल्या चासीकडे पाहणाऱ्या तिघांना हेच लागू पडते. इतिहासकार हळहळतो, कारण १९५० च्या दशकातला रंग गेला. गाडी चालवणारा सुखावतो, कारण आता पावसातही बिनधास्त निघता येईल. ज्याचे लक्ष गाडीच्या एकूण आयुष्यावर आहे त्याला दोन्ही दिसते. त्या तिसऱ्याच्या दृष्टीला कशाचा आधार आहे, हे शोधणेच इथे खरे काम आहे.

पाश्चात्त्य परंपरेत हा प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या नावाने चालतो. प्लूटार्कने सांगितले आहे की अथेन्सवासीयांनी ते तीस वल्ह्यांचे जहाज जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, आणि तत्त्ववेत्त्यांत वाद सुरू झाला. टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये त्यात भर घातली: काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्याच क्रमाने जोडल्या तर? मग एकच जहाज दोन ठिकाणी असल्याची आपत्ती येते. जुन्या मोटारींच्या जगात ही आपत्ती कल्पनेतली राहत नाही. काढून टाकलेली चासी कोणी विकत घेतो, तिला पॅच मारतो, तिच्यावर दुसरीकडून आणलेली बॉडी चढवतो, आणि एका क्रमांकावर दोन गाड्या हक्क सांगू लागतात.

असाच एक वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला तिचा भीषण अपघात होऊन चालक मरण पावला, नंतर तिच्यावर बंद बॉडी आली, आणि अनेक दशकांनी पुन्हा शर्यतीच्या रूपातली. ती १ कोटी पौंडांना घेण्याचे ठरवून खरेदीदार मागे फिरला; ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. १९२९ च्या गाडीतले फार थोडे उरले आहे हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तरीही निकाल गाडीच्या मालकाच्या बाजूने लागला. गाडीत बदल होत गेले, पण ती मध्येच नाहीशी होऊन पुन्हा घडवली गेली असा क्षण तिच्या इतिहासात नव्हता. तिचा प्रवाह अखंड होता. न्यायालयाचा हा निष्कर्ष नागसेनाच्या संतानविचाराच्या बराच जवळ जातो. भाग टिकले नाहीत तरी ओळख टिकू शकते, मात्र साखळी तुटलेली नसावी.

कायद्याच्या इतर शाखा वेगळी उत्तरे देतात. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षे गुणपद्धत वापरली. मूळ चासीला किंवा तशाच नव्या चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स-प्रेषण आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. जुना क्रमांक राखायला ८ गुण लागत. मोटारीचे हृदय म्हणून मिरवणाऱ्या इंजिनाला सर्वांत कमी आणि कोणाला न दिसणाऱ्या सांगाड्याला सर्वांत जास्त गुण, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली, अट एवढीच की गाडीत मूलभूत बदल झालेला नसावा. मूळ नमुन्याबरहुकूम बनवलेली नवी चासी हा मूलभूत बदल धरला जात नाही. म्हणजे ब्रिटिश नियम द्रव्यापेक्षा आकृतीला मानतो. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी तरतूद आली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती न झालेली. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात.

द्रव्य, आकृती, क्रमांक, अखंड इतिहास यांपैकी कशालाच एकट्याला पूर्ण भार पेलत नाही. जॉन लॉकने केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. मातीचा गोळा त्याच कणांचा असेल तरच तोच गोळा. ओकचे झाड मात्र कण बदलले तरी तेच झाड, कारण एकच जीवनक्रम त्या बदलत्या कणांतून चालू राहतो. गाडी या दोहोंच्या मध्ये पडते. तिच्या भागांत व्यवस्था आहे, पण जीवनक्रम नाही. झाडाची साल स्वतः भरून येते, चासी स्वतः भरून येत नाही. तिचे भरून येणे तिच्या बाहेर, तिला सांभाळणाऱ्या माणसांत असते. पहिल्या मालकाने धुतली, दुसऱ्याने मेण फवारले, तिसऱ्याने सडलेला आधार कापून तेवढाच पत्रा जोडला: ही कामांची मालिका म्हणजेच त्या निर्जीव वस्तूचा जीवनक्रम. गाडीचे एकत्व तिच्या पोलादात जितके आहे तितकेच तिच्या निगराणीत आहे. समंतभद्रांचा तो मध्यस्थ याच निगराणीकडे पाहतो. नुसते नाव चालू राहिले आणि निगा तुटली तर राहते ते नावच.

हे मान्य केले की आधी सांगितलेल्या रीतींचा क्रमही ठरतो. मेण आणि साफसफाई जीवनक्रम चालू ठेवतात. कापून तेवढाच पॅच मारणे हे जखम भरण्यासारखे. पूर्ण चासी बदलणे हा शेवटचा उपाय. तो निषिद्ध नाही, पण जे निगराणीने टाळता आले असते ते टाळले गेले नाही, हे त्यातून उघड होते. जॉन रस्किनने १८४९ मध्ये इमारतींबद्दल हेच मांडले होते: वेळेवर काळजी घेतली तर पुनर्निर्माणाची वेळ येत नाही, आणि पुनर्निर्माणाला मूळ म्हणणे हे असत्य. रस्किन यात फार टोकाला गेला. कोसळू पाहणाऱ्या भिंतीला सन्मानाने कोसळू देण्याचा त्याचा सल्ला माणसे वाहून नेणाऱ्या चासीला लागू करता येत नाही. पण त्याच्या म्हणण्याचा पहिला भाग मोटारीलाही तंतोतंत लागू आहे.

धर्मव्यवहारात या प्रश्नाची उत्तरे कृतीतून दिलेली सापडतात. पुरीला जगन्नाथाच्या मूर्ती लाकडाच्या आहेत आणि नवकलेवर विधीत त्या संपूर्ण बदलल्या जातात. अलीकडे हा विधी १९९६ आणि २०१५ मध्ये झाला. जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या देहाला मातीत समाधी दिली जाते. द्रव्य पूर्ण नवे, तरी देव तोच, यावर कोणा भक्ताला शंका येत नाही, कारण संक्रमण परंपरेने मान्य केलेल्या रीतीने आणि ठरलेल्या सेवकांच्या हातून झालेले असते. चासीचा क्रमांक गुपचूप दुसऱ्या चासीवर ठोकणाऱ्याला हा दाखला देता येणार नाही. तिथे क्रमांक आहे, पण मान्य रीत नाही आणि साक्ष तर लपवलेलीच आहे.

पंढरपूरचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून दर्शन घेण्याची तिथली रीत आहे. शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी पाषाण झिजतो, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी वज्रलेप केला जातो. २०२० मध्येही तो झाला. मूर्ती काचेआड ठेवली तर झीज जवळजवळ थांबेल, पण पायांवर डोके टेकणारा वारकरी दूर होईल. मूर्ती ज्यासाठी आहे तेच तिला झिजवते. मोटारीचा दर्जा मूर्तीचा नाही, हे स्पष्टच आहे. तरी प्रश्नाची रचना एकच आहे: गाडी पावसात, चिखलात चालते म्हणून गंजते, आणि कोरड्या खोलीत कायम बंद ठेवली तर गंजत नाही, पण मग ती गाडी न राहता गाडीचा नमुना बनते. झीज मान्य करून लेप देत राहणे हे पंढरपुरात स्वीकारलेले उत्तर जुन्या गाडीच्या मालकालाही आचरता येण्याजोगे आहे. वापरावी, धुवावी, वाळवावी, पुन्हा मेण द्यावे.

याच विचाराची एक बोलकी अंमलबजावणी लँड रोव्हरच्याच बाबतीत झाली. १९४८ च्या अ‍ॅमस्टरडॅम प्रदर्शनात ठेवलेली एक गाडी १९६० च्या दशकानंतर रस्त्यावर आली नव्हती. वीस वर्षे ती वेल्समधल्या एका शेतात पडून होती, नंतर एका बागेत अर्धवट राहिली. ती सापडल्यावर कंपनीने २०१८ मध्ये तिचे काम हाती घेतले आणि ते करताना झीज पुसायची नाही, १९४८ मध्ये दिलेला फिकट हिरवा रंगही राखायचा, असे ठरवले. ती उत्पादनपूर्व ४८ गाड्यांपैकी असल्यामुळे तिच्या चासीवर पहिल्यापासून जस्त होते. इतकी वर्षे उघड्यावर काढूनही ती हाती लागली, यात त्या थराचा वाटा असणार.

इतकी काळजी करणे ही आसक्ती तर नव्हे, असा आक्षेप धार्मिक दृष्टीने घेता येतो, आणि तो हलका नाही. अपरिग्रह मानणाऱ्या माणसाने लोखंडाच्या सांगाड्याखाली आडवे होऊन तासन्‌तास मेण का फवारावे? उत्तर काळजीच्या स्वरूपात शोधावे लागते. गंज कायमचा हरेल या आशेने जो चासीवर जाड काळा लेप थापतो आणि पुन्हा खाली पाहत नाही, त्याने अनित्यता नाकारलेली असते. जो दर वर्षी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो त्याने ती मान्य केलेली असते; आपण फक्त वेग कमी करतो आहोत हे त्याला माहीत असते. गांधीजींनी संपत्तीबद्दल मांडलेली विश्वस्ताची कल्पना इथे नेमकी बसते. जुनी गाडी बहुधा आधी कोणाची तरी असते आणि पुढे कोणाची तरी होणार असते. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीची सक्ती उठली तेव्हा चासीच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व संपले नाही. ते सगळे मालकाच्या विवेकावर आले.

विश्वस्ताला हिशेब ठेवावा लागतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिव्हा’ने, २०१२ मध्ये मान्य केलेल्या तुरीन सनदेत कमीत कमी हस्तक्षेप, बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण आणि केलेल्या कामाची नोंद यांचा आग्रह आहे. चासीच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. कोणता दांडा कोणत्या वर्षी कापला, जोडलेला पत्रा किती जाडीचा, आत कोणते मेण कोणत्या छिद्रातून फवारले, जस्तात बुडवण्याआधी पृष्ठभाग कसा दिसत होता याची छायाचित्रे, हे सर्व गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवायचे. क्रमांक असलेला कापलेला तुकडा फेकायचा नाही; तो गाडीसोबतच पुढच्या मालकाकडे जायला हवा. नोंदवहीत शेवटची फवारणी कधीची आहे ते पाहून तो पुढची ठरवू शकतो.